घडीवर कापलेलं घर

नांदेडच्या जुन्या भागात मास्टरांचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जायचं. एक म्हणजे त्यांनी शिवलेल्या कोटाला खांद्यावर सुरकुती पडत नसे. दुसरी म्हणजे तो कोट ठरल्या दिवशी कधीच मिळत नसे. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की मास्टर मशीनवरून मान न उचलता म्हणत, "झालंय हो. नुसतं काज-बटन बाकी हाय. उद्या येऊन जा." उद्या गेलं की पुन्हा काज-बटन बाकी. कंधारचा एक नवरदेव म्हणे मांडवात उभा होता आणि मास्टर त्याच्या पुढ्यात गुडघ्यावर बसून शेरवानीची शेवटची बटणं लावत होते. लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या पोटाशी एक पांढरी टोपी दिसते म्हणतात. तो फोटो मी पाहिलेला नाही, पण मोहल्ल्यातल्या प्रत्येक माणसाने पाहिलेला होता.

मी त्यांची भाडेकरू. कंधारजवळच्या खेड्यातून आलेली, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, आणि एका इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या घरांचे नकाशे काढणारी. खाली मास्टरांचं दुकान, दुकानामागे त्यांची राहायची खोली, आणि वर माझी खोली. जिना दुकानातूनच होता. त्यामुळे मास्टरांच्या तावडीत न सापडता घरात शिरणं किंवा घराबाहेर पडणं मला जमण्यासारखं नव्हतं. सकाळी उशीर झालेला असताना ते नेमकं काहीतरी विचारत. "लिंबं काय भाव देऊन राहिले गं बाजारात?" मी काय लिंबं विकायला बसते? पण सांगितल्याशिवाय सुटका नसे.

माणसांची नावं त्यांना पाठ होती, पण ते ती वापरत नसत. ते माणसाला त्याच्या मापाने ओळखत. "आज छत्तीस येऊन गेला, तुझं पार्सल ठेवलंय म्हणला." छत्तीस म्हणजे समोरचा किराणावाला. आता त्याची कंबर छत्तीसच्या कितीतरी पुढे गेलेली होती, हे कोणालाही रस्त्यापलीकडून दिसत होतं. पण मास्टरांनी पहिल्यांदा माप घेतलं तेव्हा तो छत्तीस होता, म्हणून कायमचा छत्तीस. माणसाने फुगायचं की वाळायचं ते त्याचं त्याने बघावं, मास्टरांचं माप बदलणार नाही. मला ते बेटा म्हणायचे. एकदा मी विचारलं, की मला का नाही आकड्याने हाक मारत? तर म्हणाले, "तू रेडिमेड घालती. तुझं माप न्हाई माझ्याकडं. मग बेटाच म्हणावं लागतं."

रेडिमेड हा शब्द ते तोंडात खडा आल्यासारखा उच्चारत. आणि खायला मात्र तेच रेडिमेड घालत होतं. कोट, सफारी, शेरवानी शिवायला आता फारसं कोणी येत नव्हतं. दुकानात यायच्या त्या बाजारातून आणलेल्या पँटी, लांबी कमी करायला. मास्टर ती पँट उलटी करून शिवण बघत, नाक मुरडत, आणि कापत. "दुसऱ्यानं केलेलं निस्तरून राहिलो मी," असं म्हणायचे.

संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या हॉटेलातून दोन चहा मागवायचे. दुकानात कोणी असो वा नसो, चहा दोनच. कोणी आलं तर त्याला मिळायचा. कोणी नाही आलं तर दुसरा ग्लास मशीनच्या कडेला तसाच राहायचा, त्यावर साय धरायची, आणि मग मास्टर तोही पिऊन टाकायचे. थंड चहा पित्ताला बरा असतो असा त्यांचा एक शोध होता. त्यांच्या बीबी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा हैदराबादला नोकरीला होता, तिथेच त्याचा संसार होता.

हा मुलगा वाईट नव्हता, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे, कारण अशा गोष्टींत मुलाला वाईट ठरवणं फार सोपं असतं. तो गरीब स्वभावाचा, वडिलांसमोर आवाज न चढवणारा माणूस होता. घराच्या भिंतींना ओल आली होती, जिन्याची एक पायरी डुगडुगत होती, आणि मास्टर एकदा भर दुपारी दुकानात चक्कर येऊन पडले होते. मुलाने येऊन सांगितलं, "अब्बा, हे घर पाडून नवं बांधू. खाली दोन दुकानं, वर दोन घरं, सगळं भाड्याने देऊ. तुम्ही आमच्याकडे या राहायला, कायमचे." मास्टरांनी मशीनवरून मान उचलली नाही. तेव्हा मुलगा त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाला, "नकाशा तुम्हीच ठरवा. तुम्ही पुरा झाला म्हटल्याशिवाय एक वीट हलवणार नाही."

हे तो माझ्यासमोर बोलला. मी जिन्यावर होते. मास्टरांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली, आणि ठीक हाय म्हणाले.

मुलाने माझ्याच साहेबांना काम दिलं. म्हणजे नकाशा ऑफिसात मीच काढणार होते, दोन दिवसांत निघाला असता. पण मास्टरांनी ते होऊ दिलं नाही. "घर माझं. दुसऱ्यानं कापलं तर अंगाला बसंल का? आधी मी काढतो, मग तुझ्या सायबाला दे." मुलगा त्यांना व्हिडिओवर बोलायला एक जुना लॅपटॉप देऊन गेला होता. मी त्यात घराचे नकाशे काढायचं एक साधं, फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. भिंती ओढायच्या, दारं-खिडक्या बसवायच्या, एवढंच. आणि रोज ऑफिसातून आल्यावर जिना चढण्याआधी मास्टरांची शिकवणी सुरू झाली.

पहिल्या दिवशी त्यांनी माउस कापडावर रेघ मारायच्या खडूसारखा चिमटीत धरला. मी त्यांचा हात धरून एक भिंत ओढून दाखवली. भिंतीशेजारी दहा फूट असा आकडा उमटला. मास्टरांनी गळ्यातली टेप काढली, स्क्रीनला लावली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"साडेचार इंच हाय. तुझा कंप्युटर खोटं बोलून राहिला."

मी त्यांना समजावलं की घर एवढं मोठं, स्क्रीन एवढीशी, म्हणून लहान करून दाखवतात. ते म्हणाले, "असं सांग ना मग, की हे पोराचं माप हाय." त्यानंतर त्यांची काही तक्रार राहिली नाही. फक्त प्रत्येक गोष्टीला ते आपलं नाव देत. खोलीच्या रुंदीला ते पन्हा म्हणायचे, कापडाचा असतो तसा. भिंत जोडताना दोन्हीकडून दोन-दोन इंच जास्त धरायचे, कारण शिवणीत दाब जातो, आणि दाब सोडला नाही तर पुढे सैल कसं करणार? मग भिंती एकमेकींत घुसायच्या आणि सॉफ्टवेअर रुसून बसायचं. चुकलेलं पाऊल मागे घ्यायचं बटण मी त्यांना शिकवलं, त्याचं नाव त्यांनी ठेवलं उसवण. ते बटण त्यांना सगळ्यात आधी आलं आणि सगळ्यात जास्त आवडलं.

आता एका संध्याकाळचं सांगते. मी आले तर मास्टर हाताची घडी घालून, काम फत्ते झाल्यासारखे बसले होते. चहाचे दोन ग्लास तयार. मी स्क्रीनकडे पाहिलं. मधोमध एक उभी रेघ होती. तिच्या डाव्या अंगाला बैठक, स्वयंपाकघर, न्हाणी, सगळं नेटकं मांडलेलं. उजव्या अंगाला काहीच नाही. पुढचं दारसुद्धा रेघेपाशी येऊन अर्धं तुटलेलं.

"मास्टर, बाकीचं घर कुठंय?"

"खाली."

"खाली कुठं?"

"घडीत हाय ना. आता उलगडून दे."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी शेजारचं एक कापड उचलून दाखवलं. कोटाची पाठ कापायची तर कापड मधून दुमडायचं, घडीवर अर्धीच पाठ आखायची, कात्री चालवायची, आणि उलगडायचं. दोन्ही बाजू आपोआप सारख्या. उभ्या जन्मात त्यांनी अख्खी पाठ कधी आखलेली नव्हती. कोणताही शिंपी आखत नाही. स्क्रीनमध्येही खाली दुसरा पदर असणार, एवढंच त्यांनी गृहीत धरलं होतं.

मी जिन्याच्या पायरीवर बसून हसले. इतकी हसले की समोरचा छत्तीस दुकानातून बाहेर येऊन बघू लागला. मास्टर रागावले नाहीत. माझं हसणं संपेपर्यंत चहा पीत थांबले, आणि म्हणाले, "झालं असंल तर उलगड."

आणि गंमत म्हणजे उलगडता येत होतं. आरशात दिसतं तसं उलटं रूप काढायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. मी डावी बाजू निवडली, बटण दाबलं, आणि रेघेच्या उजवीकडे तसंच घर उमटलं. दार पुरं झालं. पण आता बैठका दोन, न्हाण्या दोन, स्वयंपाकघरं दोन.

"बघा," मी म्हटलं. "एकट्या माणसाला दोन स्वयंपाकघरं."

मास्टर वाकून बघत राहिले. मग त्यांनी उजवीकडच्या स्वयंपाकघरावर बोट ठेवलं. "इकडं कोण राहतं?"

"कोणी नाही. तुमचंच घर आहे ते, उलटं."

"म्हणजे इकडं पण मीच?"

"तुम्हीच."

मी पुसायला गेले तर माझा हात बाजूला सारला. "राहू दे आजचा दिवस," म्हणाले. "तेवढाच शेजार झाला."

ते उजवीकडचं घर मग बरेच दिवस राहिलं. मास्टरांनी तिकडे ओटा बसवला, दिवाण ठेवला, खिडकी मोठी केली. मला त्याचं फार वाईट वाटलं, पण ते मी तेव्हा कोणाला बोलले नाही.

नकाशा पुढे सरकेना. खरं तर सरकायचा, पण जाग्यावर यायचा. काल बसवलेला जिना आज गायब. परवाच्या खिडक्या नाहीत. "जिना कुठं गेला?" म्हणून विचारावं तर, "उसवला. नीट बसत नव्हता." ऑफिसात साहेब मला टोमणे मारायला लागले, की तुझ्या मास्टरांचा ताजमहाल कुठवर आला. हैदराबादहून मुलगा फोन करायचा. एकदा तो आला असताना जिन्यावर मला गाठून हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही जरा मनावर घ्या ना. मला दर आठवड्याला यायला जमत नाही. रात्री फोन उचलला नाही की आम्हा दोघांना झोप लागत नाही. उद्या पुन्हा पडले तर कळायचं कसं?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. डुगडुगत्या पायरीवर उभं राहूनच तो हे बोलत होता.

त्या दिवशी मी मास्टरांवर चिडले. म्हटलं, "असं रोज उसवलं तर हे घर या जन्मात पुरं होणार नाही."

"घाई कोणाला हाय?"

"तुमच्या मुलाला आहे. माझ्या साहेबांना आहे."

मास्टरांनी सुईत दोरा ओवला. ओवता ओवता म्हणाले, "बेटा, कपडा गिऱ्हाईकाच्या हातात पडला का गिऱ्हाईक गेलं. मग ते दिसतं ईदेला, दिवाळीला, न्हाईतर कोणाच्या लग्नाला. काज-बटन बाकी असलं का माणूस उद्या येतं. शिव्या देतं, पण येतं. बसतं. चहा पितं. माझी बीबी गेली तवापासून मी कोणाचा कपडा टायमावर दिला न्हाई."

मोहल्ला इतकी वर्षं त्यांना आळशी समजत होता. मीही समजत होते. त्या दिवसापासून मी नकाशाबद्दल तगादा लावणं बंद केलं. साहेबांना सांगितलं की म्हातारा हट्टी आहे, वेळ लागेल. आणि खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं होतं. वरच्या खोलीत एक खाट, एक शेगडी आणि एक खिडकी. गावाकडचा फोन झाला की बोलायला दुसरं कोणी नसायचं. मास्टरांचा जिना आज उसवलेला असेल की बसवलेला, एवढ्या उत्सुकतेवर माझा ऑफिसातला दिवस निघून जायचा.

आमच्या मग रीतसर वादावादी होऊ लागल्या. स्वयंपाकघर पूर्वेला घ्यायचं तर मोरी कुठे जाणार? पाण्याची टाकी जिन्यावर की गच्चीवर? ऑफिसात मी असे प्रश्न कंटाळून सोडवायची, इथे तावातावाने भांडायची. मास्टर हरायला लागले की म्हणायचे, "तुझी डिग्री ठेव तुझ्या खिशात. तुझ्या ड्रेसला खिसा पण न्हाई." आणि उसवणीचं बटण दाबायचे.

मग मला लातूरची नोकरी मिळाली. साहेबांच्या ओळखीच्या एका मोठ्या ऑफिसात, इथल्यापेक्षा पुष्कळ बऱ्या पगाराची. घरचे खूश होते. मीही होते. मास्टरांना कसं सांगायचं याचा मी आठवडाभर विचार केला आणि शेवटी सकाळी जाता जाता, चपला घालताना, सांगून टाकलं.

मास्टर एका पँटीची दुमड मारत होते. त्यांनी दुमड पुरी केली. मग विचारलं, "लातूरला पाणी येतं का आता नीट?"

"येतं म्हणतात."

"टाकी बघून खोली घे," ते म्हणाले. "पोरींना पाणी लागतं." आणि पुढची पँट उचलली. संध्याकाळी मी आले तेव्हा चहा होता, पण लॅपटॉप उघडलेला नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, आज डोळे दुखून राहिलेत.

माझं सामान जायच्या आदल्या दिवशी, अजून उन्हं होती तेव्हाच, त्यांनी मला खालून हाक मारली. लॅपटॉप मशीनवर उघडा होता. मास्टरांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली नाही, स्वतःच बसले. आणि मी बघत राहिले. त्यांचा हात माउसवर असा फिरत होता की आमच्या ऑफिसातल्या पोरांचाही तसा फिरत नाही. हे बघ दुकान एक, हे दुकान दोन. हे वरचं घर, हे त्याच्या पलीकडचं. दारं, खिडक्या, टाकी, मोऱ्या, गच्चीचं पाणी उतरायची पन्हळ. एकही भिंत दुसरीत घुसलेली नाही. उसवण्यासारखं कुठे काही नव्हतं.

"जिना बाहेरून घेतला," ते म्हणाले. "भाडेकरूला दुकानातून यायचं काम न्हाई. येवो, जावो. कोणी विचारणार न्हाई."

"यात तुमची खोली कुठली?"

"मी हैदराबादला ना."

मी म्हटलं, "मास्टर, तुम्हाला सगळं येत होतं."

"तू शिकवलं ना."

"मग रोज मला का विचारायचात?"

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसला. "पुरा झाला, बेटा. घेऊन जा तुझ्या सायबाकडं."

"इतकी घाई काय आहे? राहू द्या ना अजून थोडे दिवस. मी फोनवर सांगत जाईन."

"उसवायला पण समोर माणूस लागतं," मास्टर म्हणाले. "एकट्यानं उसवत बसलं की नुसती चिंधी होती."

मला रडू आलं. माझ्याकडे रुमाल नव्हता. मास्टरांनी खालच्या टोपलीतून अस्तराचा एक तुकडा काढून दिला, आणि त्याने डोळे पुसले जाईनात, कारण ते कापड पाणी टिपतच नाही. तेही त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी सुती तुकडा शोधून दिला.

नकाशा साहेबांकडे गेला. त्यात फारसं काही बदलावं लागलं नाही असं मला नंतर कळलं. परवानगी आली, पावसाळा संपल्यावर घर उतरवलं. मी ते बघायला गेले नाही. मुलगा मास्टरांना घेऊन गेला, मशीनही नेली. शिलाई मशीन आठव्या मजल्यावर चढवताना लिफ्टवाल्याने कटकट केली, हे मला मास्टरांनीच फोनवर सांगितलं. फ्लॅट चांगला होता म्हणाले. सून जीव लावते, नातू टीव्ही लावून देतो. मशीन बाल्कनीत झाकून ठेवली आहे, कारण तिच्या आवाजाने खालच्या घरातलं तान्हं बाळ उठतं. खालच्या लोकांनी फार अदबीने येऊन सांगितलं म्हणे.

"कोणी येतं का गप्पा मारायला?" मी विचारलं.

"इथं येण्याआधी खालून फोन करावा लागतो," ते म्हणाले. "मग वॉचमन वर विचारतो, सोडू का म्हणून. इतकं करून कोण कशाला येईल?"

मग काही दिवसांनी एका रविवारी पुन्हा फोन आला. लातूरला ऊन किती, तूरडाळ काय भाव, सगळं विचारून झालं. आणि मग मास्टर जरा थांबून म्हणाले, "बेटा, तुझ्या तिकडं एखादी खोली भाड्यानं मिळंल का? लहान चालंल. रस्त्याकडंला पाहिजे, मशीनचा आवाज कोणाला होऊ नये."

"कोणासाठी?"

"एकटाच माणूस हाय. म्हातारा हाय, पण भाडं टायमावर देईल."

ज्यांच्या घरात मी भाड्याने राहिले तेच मला भाड्याची खोली मागत होते. मी बघते म्हणाले आणि खरंच बघायला लागले. लातुरात खोली मिळणं सोपं, पण ती पोरांना. सगळं शहर डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांनी भरलेलं. दार उघडलं की घरमालकाचा पहिला प्रश्न असतो, कोणत्या क्लासला आहे? टेलर आहेत म्हटलं की माणसं माझ्याकडेच संशयाने बघायची. वय सांगितलं की दार लागायचं. शेवटी एका बाईंनी हो म्हटलं. रस्त्याकडेची तळमजल्यावरची खोली, समोर शाळा. त्या म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत थांबते.

मी मास्टरांना कळवलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, "माप सांग." मी टेप घेऊन जाऊन मापं घेतली आणि फोनवर सांगितली. लांबी, पन्हा, दार, खिडकी. दोन दिवसांत त्यांनी ती खोली लॅपटॉपवर काढून मला फोटो पाठवला. मशीन खिडकीशी, खाट आत, दाराजवळ गिऱ्हाइकाला दोन खुर्च्या. मला आतून इतका आनंद झाला की मी तो फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवला.

मग मुलाचा फोन आला. "मॅडम, अब्बा रोज लातूर लातूर करतायत. डॉक्टरांनी एकटं ठेवू नका म्हणून सांगितलंय. पुन्हा दोनदा चक्कर आली. जिना उतरवत नाही त्यांना आता. मला त्यांना नाही म्हणवत नाही. तुम्ही म्हणाल का?" मी त्याला हो म्हटलं. मास्टरांना फोन लावला, त्यांनी उचलला आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, की खिडकीला गज आडवे आहेत का उभे. मी उभे म्हणाले. त्यापुढे माझी जीभ रेटली नाही.

महिनाअखेर झाली. बाईंनी आणखी आठ दिवस दिले, मग ती खोली उदगीरच्या एका पोराला दिली. हे मी मास्टरांना सांगितलेलं नाही. मास्टर येऊ शकत नाहीत हे त्यांच्या मुलाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि मला वाटतं मास्टरांनाही ठाऊक आहे. पण रविवार आला की त्यांचा फोन येतो. दुसऱ्या खुर्चीची जागा बदलली, खाट भिंतीला लावली, असं काहीतरी त्या खोलीचं चाललेलं असतं. मी वाद घालते. तिथे खाट लावली तर दार उघडणार नाही म्हणते. ते म्हणतात, तुझी डिग्री ठेव खिशात.

परवाच्या रविवारी ते पडद्याच्या कापडाबद्दल बोलत होते. घरात एक चांगला तुकडा पडून आहे, सुनेने काढून दिलाय, बसून आहे तर हातानेच शिवून टाकतो म्हणाले. "खिडकीचं माप आणखी एकदा घेऊन सांग. पडद्यात चूक झाली तर लई वाईट दिसतं." मी म्हटलं, घेते, फोन चालू ठेवा. आणि टेप काढून माझ्याच खोलीच्या खिडकीला लावली, आणि आकडे नीट वाचून सांगितले.